शुक्रवारचा बाक

जॉबरकाकांना ऐकू येत नसे, पण लूम बिघडला की सर्वांत आधी त्यांनाच कळे. तीस वर्षांच्या खडखडाटात कान गेले, तेव्हापासून ते कापडाच्या कारखान्यात लूम दुरुस्त करायला अनवाणी उभे राहत आणि तळव्यांनी ओळखत. "तिसऱ्याचा पट्टा ढिला हाय." बघावं तर असायचाच.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी त्यांच्या शेजारी राहत होते. दवाखान्यात नर्स होते. भुताखेतांवर विश्वास नव्हता, आजही नाही.

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद. एरवी रात्रंदिवस खडखडणारं गाव त्या दिवशी इतकं गप्प होई की अंगावर येई. संध्याकाळी काका त्यांच्या बॉबिन नावाच्या कुत्रीला घेऊन कामवारी नदीकाठच्या बागेत जात. मीही पाय मोकळे करायला बरोबर निघे. बागेच्या जागी पूर्वी ते काम करत तोच कारखाना होता. पुरात खचला, तो मालकाने पाडून टाकला.

नदीकडच्या शेवटच्या बाकापाशी आलं की बॉबिन शेपूट पोटाशी घेऊन मागे सरायची. काका चपला काढून बसत.

"खाली लूम चालूयत. पाय ठेव. तळव्याला लागतंय?"

मी पाय टेकवी. नुसती थंड फरशी. मी नकारार्थी मान हलवी.

"कसं लागतं ते तरी सांगा."

माझे ओठ वाचून ते म्हणत, "न्हाय सांगणार. सांगितलं तर दया येऊन हो म्हणशील. नर्सांचं ठाऊक हाय मला."

एकदा पडघ्याहून त्यांची मुलगी आली. "सिस्टर, बाबांचं डोकं फिरलंय. नदीकाठी बसून बंद लूम चालवतात. एक दिवस पाण्यात जातील. मी घेऊन जाते त्यांना."

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचार. एकदा तरी लागलं असंल."

माझ्या एका होकारावर त्यांचं घर आणि कुत्री, दोन्ही टिकली असती. मी खरं तेच सांगितलं. नाही.

काका मुलीबरोबर पडघ्याला गेले. मुलीच्या सासूला कुत्रं चालत नव्हतं, म्हणून बॉबिन माझ्याकडे राहिली.

दोन महिन्यांनी, शुक्रवारीच, त्या बाकापाशी बॉबिनने असा हिसका दिला की माझ्या चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी पाय फरशीवर पडला. तीन ठोके. मग श्वास अडकावा तशी पोकळी. मग एक ठोका, उशिराचा. पुन्हा तीन. मी नाडी मोजणारी बाई, मोजण्यात चुकत नाही. जवळ कुठे पंप चालू असेल म्हणून काठ धुंडाळला. काही नव्हतं. लाइटसुद्धा गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी एसटीने पडघा गाठलं. काका ओटीवर पडून होते, पार वाळलेले. मी त्यांचा तळहात उघडून त्यावर बोटाने वाजवलं. तीन, पोकळी, एक.

त्यांनी माझं बोट मुठीत धरलं.

"आठ नंबरचा लूम," ते म्हणाले. "त्याचा धागा नेणारा धोटा परतीला अडकायचा. माझ्याबिगर कुणाला म्हायती न्हवतं." मग हसले. "लय उशीर केलास, बाय. पोरीला बोलव. सांग तिला."

मी सांगितलं. ड्युटी बदलताना रुग्णाची माहिती द्यावी तसं, क्रमाने, काही न वगळता. मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग ती इतकी वर्षं बापाकडे जशी बघायची, तशी माझ्याकडे बघू लागली.