गंज चढू दे

माझी बहीण नवसी बदलापूरच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिच्याशी घासाघीस करायला जिगर लागते. छातीत गाठ निघाली तेव्हाही डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "कापून टाका, मला धंद्यावर बसायचंय." बाई म्हणाल्या, "आधी केमोने गाठ लहान होऊ दे, मगच ऑपरेशन."

केस गेले, तोंड आलं, तरी बया टोपली घेऊन बसायचीच. आणि तपासलं तर काय, गाठ होती तेवढीच! बाईंनी विचारलं, "दुसरं काही घेताय का?" नवसी म्हणाली, "छे!" तिचा नवरा, आमचे जनूभावोजी, खाली बघत बोलले, "मी रोज तिच्या आंबिलीत पावडर घालतो. सखाने दिली. अँटीऑक्सिडंट."

सखा भावोजींचा धाकटा भाऊ. उल्हासनगरात ताकदीच्या पावडरी विकतो. मेल्याचा मला आधीपासूनच राग.

बाई शांतपणे म्हणाल्या, "हे औषध गाठीच्या पेशींना आतून गंजवून मारतं म्हणा ना. काही पेशी चिवट असतात, तो गंज पुसायला शिकतात, मग औषध लागू पडत नाही. तुमची पावडरही गंजच पुसते. गाठ हिच्यामुळेच लहान झाली नाही, असं मी म्हणणार नाही. पण गाठीला मदत कशाला? भाजी, फळं खुशाल खा, पावडरीचे डबे बंद. औषध आपण बदलू."

रिक्षात भावोजी रडायला लागले. "तुला ताकद यावी म्हणून घातली गं."

"ताकद कोणाला देत होतात, मला की त्या गाठीला?" नवसी म्हणाली, पण त्यांचा हात काही सोडला नाही तिने.

मांजर्लीला घरी आलो तर सखा नवा डबा घेऊन बसलेलाच. सगळं ऐकून म्हणतो कसा, "वहिनी, डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. पावडर सोडलीस तर खाटेला खिळशील."

मला वाटलं, डबा त्याच्याच टाळक्यात हाणावा. नवसीने तो घेतला, मोरीत ओतला आणि नळ सोडला.

"ऐक सखा. सोमवारी नवीन औषध चालू होतंय. गाठ बारीक होईल, नाहीतर नाही होणार. पण माझ्या घरातून तिला आता काही मिळायचं नाही. आणि मी मेलेच, तर माझ्या दहाव्याला लोकांना सांगायचं नाही, पावडर सोडली म्हणून गेली. सांगितलंस तर तिथे उठून येईन!"

सखा भावाकडे बघायला लागला. धाकट्यावर कधी आवाज न चढवलेले भावोजी उठले, दार सताड उघडलं आणि म्हणाले, "निघ."