टाकीत उरलेला वास

ह्यांना अर्धांगाचा झटका आला, त्याला तेव्हा चौदा महिने झाले होते. उजवा पाय बराच वळणावर आला होता, हातही थोडाफार उचलला जाई, पण बोलणं परत आलं नव्हतं. डॉक्टर म्हणत, शब्द आत आहेत, त्यांना बाहेरची वाट सापडत नाही. हे दिवसभर पडवीत खुर्चीवर बसून समोरच्या शेडकडे बघत राहत. शेडमध्ये ह्यांची गाडी होती. गोल दिव्यांची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली, पन्नाशीला टेकलेली. रोज सकाळी स्वतःच्या हातांनी ते ती पुसायचे. पुढे ती बंद पडली आणि "या दिवाळीनंतर बघू" म्हणता म्हणता सहा वर्षं तशीच उभी राहिली.

त्या नोव्हेंबरात ह्यांनी व्यायाम सोडला. मी हात धरला की काढून घेत. जेवताना तोंड भिंतीकडे वळवत. मला भीती वाटायला लागली. गाडी चालू झाली की हेही बोलायला लागतील, असं माझ्या मनाने घेतलं. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, असल्या समजुतींची वर्गात थट्टा केली. तरी घेतलं खरं.

गाडीचे मिस्त्री जुनेच. शहरात त्यांचं गॅरेज आहे, ह्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील. त्यांनी दोन दिवस इंजिन बघितलं आणि म्हणाले, "इंजिनाला काय नाय झालेलं, बाई. टाकी गेली."

त्यांनी डिकीखालची पेट्रोलची टाकी सोडवून अंगणात आणली. आतलं उरलंसुरलं पेट्रोल काळपट झालं होतं, त्याला शिळ्या रंगाचा वास येत होता. टॉर्च मारला तर आत सगळीकडे गंजाचे पापुद्रे. खारी हवा आणि रिकामी टाकी, दुसरं काय होणार? तळाला टाचणीच्या डोक्याएवढं भोकही पडलेलं.

"हे भोक झाळून, डाग देऊन बंद होईल ना?" मी विचारलं.

"आधी धुवायला लागेल. मग बगू."

ते गेल्यावर मीच टाकी न्हाणीशेजारच्या दगडावर घेतली. साबणाचं पाणी आणि मूठभर नट आत घालून खुळखुळवली. असं चार वेळा केलं. लाल पाणी पांढुरकं झालं. तोंडाला नाक लावून बघितलं, तर साबणाशिवाय कसलाच वास नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले तेव्हा मी जय्यत तयारीत होते.

"धुतलीय. आज गॅस आणा आणि इथेच डाग देऊन टाका. शेडच्या तोंडाशी करा, म्हणजे ह्यांनाही दिसेल."

मिस्त्रींनी टाकी हुंगली. उन्हात ठेवली, विडी न पेटवता नुसतीच बोटांत फिरवत अर्धा तास बसले आणि पुन्हा हुंगली.

"नाय, बाई. हिला जाळ लावायचा नाय."

"का? चार वेळा धुतलीय मी."

"पेट्रोल पाण्याने जात नाय. गंजात बसून राहतं. पत्रा तापला की बाहेर येतं."

"मिस्त्री, वाफ म्हणजे काय हे मी मुलांना शिकवलंय. तुम्हाला आज यायचं नसेल तर तसं सांगा. मी दुसरा कोणी बघते."

हे मी ह्यांच्या देखत बोलले, आवाज चढवून. मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांनी टाकी उचलली, शेडमधले सगळ्यात लांब दोन बांबू घेतले आणि घरामागच्या सड्याकडे निघाले. "या," एवढंच म्हणाले.

सड्यावर उघडा कातळ आणि सुकलेलं गवत. त्यांनी गवताविना असलेली जागा बघून टाकी ठेवली, तोंडाचं झाकण काढलं. मला दहा-बारा पावलांवरच्या चिऱ्यांच्या गडग्यामागे, त्या बुटक्या भिंतीआड बसवलं. बांबू एकाला एक जोडले, टोकाला चिंधी बांधून ती रॉकेलात बुडवली, पेटवली आणि स्वतःही गडग्याच्या आड होऊन बांबू पुढे सरकवला. जोडलेले दोन बांबू होते, तरी पुरेनात. ते थोडे पुढे वाकले. मी म्हणणार होते, पुरे झालं हे नाटक.

भक्क!

आवाज कानांपेक्षा छातीत जास्त बसला. टाकी हातभर उडाली, उलटी झाली आणि कातळावर आपटून घरंगळली. तोंडातून निळसर ज्वाळ निघून गेली. मग काहीच नाही. कातळाच्या फटीतल्या गवताचं एक टोक जळत होतं, ते मिस्त्रींनी चपलेने विझवलं.

मला आधी आठवली ती खुर्ची. शेडच्या तोंडापासून पडवीतली ह्यांची खुर्ची किती लांब? आठ हात? दहा? मी तिथेच जाळ लावायला सांगितला होता.

मी धावत घरी आले. हे खुर्चीत नव्हते. पडवीच्या खांबाला डाव्या हाताने मिठी मारून उभे होते. काठी खाली पडलेली, एक पाय पायरीवर आलेला. चौदा महिन्यांत कोणी धरल्याशिवाय ते उठले नव्हते. तोंडातून नुसता "आ... आ..." असा आवाज येत होता. मी त्यांना धरलं. "काही नाही झालं. मी आहे. मिस्त्रीही आहेत." त्यांनी माझा खांदा इतका दाबला की दोन दिवस दुखत होता.

मागून मिस्त्री टाकी घेऊन आले. तळ फुगून पोटासारखा झाला होता. मी म्हटलं, "मिस्त्री, चुकलं माझं." ते पडवीच्या पायरीवर बसले. पाणी प्यायले.

"माझ्या उस्तादाचा हात असाच गेला," ते म्हणाले. "त्यानेपण चार वेळा धुतली होती."

मग डाग देण्याचं नावच काढलं नाही. मिस्त्रींनी लाकडी हातोडीने तळ ठोकून बसवला. टाकीच्या आतून लावायचं, बारीक भोकही बुजवणारं लेपाचं द्रावण मिळतं. ते मी ऑनलाइन मागवलं. आधी गंज काढायचं आम्ल दोन दिवस आत ठेवलं, मग खायच्या सोड्याने धुतली, मग तीन दिवस उन्हात आणि पंपाच्या हवेवर वाळवली. आत थेंबभर ओल राहिली तरी लेप धरत नाही, असं कागदावर बारीक अक्षरात होतं. सकाळचं दव पडू नये म्हणून रोज सूर्य वर आल्यावर टाकी बाहेर काढायची आणि चारच्या आत घरात घ्यायची.

लेप घातला त्या दिवशी खुर्ची अंगणात आणली. दोन डब्यांतलं द्रावण एकत्र केलं की वीस मिनिटांत घट्ट व्हायला लागतं. मी कागद आणि घड्याळ घेऊन उभी, मिस्त्री टाकी फिरवतायत. तळ, वरची बाजू, चारी कडा. "सात मिनिटं... अकरा..." त्यांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, पण हात मोकळा नव्हता. मी पदराने पुसला. सोळाव्या मिनिटाला जादा द्रावण ओतून काढलं आणि दोघांनी श्वास सोडला.

तेवढ्यात ठक ठक ठक. हे काठी जमिनीवर आपटत होते. तोंड वेडंवाकडं होत होतं, शब्द येत नव्हता. डाव्या हाताने टाकीकडे बोट दाखवत होते.

"काय? पाणी हवंय?"

जोरात मान हलवली. पुन्हा बोट. मिस्त्रींनी बोटाच्या रेषेत बघितलं आणि ओरडले, "नळी!"

टाकीतून पेट्रोल इंजिनकडे नेणारी बारीक नळी. तिच्यात द्रावण भरून ते घट्ट होत होतं. कागदावर ते लिहिलेलं होतं; वाचूनही मी विसरले होते. मिस्त्रींनी सायकलचा पंप लावला. पहिल्या दोन दाबांना काही झालं नाही. तिसऱ्याला पिचकारी उडाली आणि नळी मोकळी झाली.

"दादा, तुम्ही नसतात तर टाकी फुकट गेली असती," मिस्त्री म्हणाले. ह्यांनी मान फिरवली, पण भिंतीकडे नव्हे, शेडमधल्या गाडीकडे.

आठवड्याने टाकी आणि नवी बॅटरी बसवली. पाच लिटर पेट्रोल घालून खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कागद कोरडा होता. गाडी सातव्या-आठव्या चावीला सुरू झाली. ह्यांना शेजारी बसवून मी भाट्याच्या पुलापर्यंत नेली. मिस्त्री स्कूटरवरून मागे, सगळी वाट गाडीच्या पोटाखाली बघत. गिअर टाकताना माझ्या हातून खरखर झाली की हे डाव्या हाताने कपाळावर मारत. मी सारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शब्द आला नाही. परत येताना रडू आलं, त्याचं खापर मी वाऱ्यावर फोडलं.

व्यायाम मात्र दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. मी न सांगता त्यांनी हात पुढे केला.

पहिला स्पष्ट शब्द आला तो चार महिन्यांनी, आणि त्याचा गाडीशी काही संबंध नव्हता. दुपारी जेवायला बसलो होतो. त्यांनी आमटीचा भुरका घेतला, वाटी खाली ठेवली, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "मीठ."

मी उठून मिठाचा सट आणला. त्यांच्या तोंडाकडे बघत वाढलं आणि निम्मं मीठ ताटाबाहेर सांडलं.