तिनं न पडताळलेला कागद

नाझियाचा फोन आला तेव्हा मी नांदेडजवळ विष्णुपुरीला कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेचे फॉर्म तपासत बसले होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच ती पोर म्हणाली, आणि मी मूर्खासारखं विचारलं, कुणी सांगितलं तुला? डॉक्टरांनी की मामूंनी? तिच्या अम्मीसोबत, रेहानासोबत राहून मलाही तीच खोड लागली होती... आधी कोण सांगतंय ते बघायचं, मग काय सांगतंय ते. आज दीड-दोन महिने झाले, पण त्या प्रश्नाची लाज अजून वाटते.

रेहाना आणि मी उदगीरच्या एकाच गल्लीतल्या. तिचे अब्बा शिंपी, माझे वडील शाळेत शिपाई. लग्न होऊन ती चाकूरला गेली, नवरा लवकर वारला, आणि तिनं बायकांच्या कपड्यांचं शिलाईचं दुकान टाकलं. एक नंबरची संशयी बाई! गिऱ्हाइकानं दहादा शपथ घेऊन कापड सुती आहे म्हटलं, तरी ही काठातला एक दोरा उपसणार, काडी पेटवून जाळणार, राख चिमटीत चोळून वास घेणार. कापड भिजवून वाळवल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही, मग समोर तहसीलदारीण का उभी असेना. माझे ब्लाऊजपीस पंधरा-पंधरा दिवस तिच्या दोरीवर लटकायचे आणि मी फोनवर तिचा उद्धार करायचे. ती ढिम्म. नंतर आकसण्यापेक्षा आत्ताच आकसू दे, म्हणायची.

मग तिच्या स्तनात गाठ निघाली. लातूरला ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. मी नांदेडहून बस धरायचे, शेजारच्या सीटवर पर्स ठेवून अहमदपूरपर्यंत कंडक्टरशी आणि तिथून पुढं सगळ्या बसशी भांडायचे, कारण चाकूरला ती चढायची आणि तिला उभं राहणं जमत नव्हतं. बसल्या बसल्या तिचा पहिला प्रश्न ठरलेला. भाईजान तुला काय बोलला?

भाईजान म्हणजे सलीमभाई, तिचा थोरला भाऊ. माणूस वाईट नाही. पण आमच्याकडं रिपोर्ट आजारी माणसाच्या हातात देत नाहीत. घरातला पुरुष पुढं होऊन पाकीट घेतो, आत जाऊन बोलतो आणि तोंडावर हसू चिकटवून बाहेर येतो. रेहाना बाकावर बसून ते हसू निरखायची. भाईजान जास्त हसला की समज, खराब हाय, असा तिचा हिशेब. सिस्टर गोड बोलली तरी हिला शंका, नाही बोलली तरी शंका. पुढच्या तपासणीला महिनाभरानं बोलावलं तर एवढ्या लवकर का, आणि तीन महिन्यांनी बोलावलं तर आता बोलावण्यात अर्थ उरला नाही का!

एकदा लातूरच्या स्टँडवर चहा पिताना तिनं माझा हात धरला. "सुनंदे, तुला इंग्रजी येतं. तू वाच. जे लिहिलंय तेच सांग मला. दिवस कमी असले तर मी पोरीला कटिंग शिकवायला बसते." नाझिया एकोणीस वर्षांची, पण आईनं तिला काज-बटन आणि तुरपाईपलीकडं जाऊ दिलं नव्हतं. कात्री म्हणजे शेवटची गोष्ट, असं तिच्या अब्बांपासून चालत आलेलं. मग आत्ताच बसव की, मी म्हणाले. तर म्हणाली, आत्ता बसवलं तर मीच कबूल केल्यासारखं होतं, लिहून आल्याशिवाय न्हाई. मी वचन दिलं.

केमो संपल्यावर स्कॅन झाला. फुप्फुसात एक लहानसा डाग. जुन्या दुखण्याचा व्रण असेल किंवा आजार पसरला असेल, आत्ता सांगता येत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघावं... मी शब्दाला शब्द वाचून दाखवलं. तिनं कागद माझ्या हातातून घेऊन उलटापालटा केला. एवढं मोठं मशीन आणि त्याला सांगता येत नाही? "तूबी त्यांच्यात गेलीस," ती म्हणाली आणि चाकूरला उतरेपर्यंत बोलली नाही. पुढं वीस दिवस फोन उचलला नाही. मी इतकी संतापले होते! आयुष्यात एवढं खरं कधी बोलले नव्हते आणि त्याचंच हे फळ. नंतर कळलं, तिनं रिपोर्टची झेरॉक्स काढून आधी मेडिकलवाल्याकडून, मग गल्लीतल्या एका मास्तरांकडून वाचून घेतली होती. दोघांनी तेच सांगितलं. तेव्हा तिचा फोन आला. इथून पुढं तू सांगशील तेच खरं, म्हणाली.

दुसऱ्या स्कॅनमध्ये डाग वाढला होता आणि यकृतातही दिसत होता. डॉक्टरांनी सलीमभाईंना आणि मला आत घेतलं, तिला बाहेर बसवलं. कॉरिडॉरमध्ये सलीमभाईंनी माझ्यापुढं हात जोडले. ईद तोंडावर आली आहे, तेवढी सुखानं होऊ द्या. मला त्यांचा भयंकर राग आला. मी पाकीट त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि तिच्याकडं गेले. तिच्या डोक्यावर बोटभर केस आले होते आणि कित्येक महिन्यांनी तिनं ओढणी मागं सरकवली होती. तिनं बाकावर सरकून जागा केली आणि माझ्याकडं बघितलं.

"डाग तेवढाच आहे," मी म्हणाले. "खबरदारी म्हणून औषध बदललंय."

"हाव? खरंच?" एवढंच म्हणाली ती. मग उठली आणि म्हणाली, भूक लागली, चल.

ईदच्या ऑर्डरी तिनं घेतल्या, दम लागेपर्यंत शिवल्या. ईदनंतर दम लागणं थांबलंच नाही. शेवटच्या आठवड्यात ती काही विचारत नव्हती आणि मी स्वतःची समजूत घालत होते, हिला सगळं कळलंय, हिला फसवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी चाकूरला गेले. नाझियानं कापड बेतायच्या टेबलावर रिपोर्टांची पिशवी आणून ठेवली. आधीच्या प्रत्येक कागदाला त्याची झेरॉक्स टाचलेली, झेरॉक्सवर मेडिकलवाल्याच्या पेन्सिलीच्या खुणा. शेवटच्या रिपोर्टलाही झेरॉक्स असावी, असं मला फार वाटत होतं. ती माझ्यावर संशय घेऊन गेली असती तर मी सुटले असते. तो कागद एकटाच होता.

"मी म्हणलं होतं झेरॉक्स काढून आणते," नाझिया म्हणाली. "तर अम्मी म्हणली, सुनंदानं वाचलंय, आता कशाला."

मग तिनं विचारलं, त्यात काय लिहिलंय. मी वाचलं. तारखेसकट, सगळं. तिनं ऐकून घेतलं. "म्हणजे हे कळलं असतं तर अम्मीनं मला त्याच दिवशी कात्री दिली असती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

टेबलाच्या कडेला माझा ब्लाऊजपीस होता. भिजवून, वाळवून, इस्त्री केलेला, वर खडूनं माझी मापं आखलेली. मी तो तिच्याकडं सरकवला आणि म्हणाले, तू काप. तिनं आईची कात्री उचलली, खडूच्या रेघेपर्यंत नेली आणि खाली ठेवली.

"येत न्हाई, मावशी."

कापड मी नांदेडला घेऊन आले. कपाटात आहे. खडूची रेघ अजून दिसते.