दीड लिटर गोड पाणी

माझा स्वभावच संशयी. दूधवाला आला की आधी दुधात बोट बुडवून बघणार, मग पातेलं पुढे करणार. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या लेकीला पोटाचं सीटी स्कॅन सांगितलं, तेव्हा तर डोक्यात भुंगाच शिरला. आठ महिने पोटदुखी, जुलाब, वजन उतरलेलं, सगळं मान्य. पण सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, आता हे कशाला? डॉक्टर म्हणाले, "लहान आतड्याला सूज दिसते. टीबीची की क्रोन्स नावाच्या आजाराची, ते बघायला हवं. दोन्हींची औषधं वेगळी. चुकीचं दिलं तर जिवावर बेतेल." मी मनात म्हटलं, हो हो, सगळे असंच घाबरवतात.

गोखिवऱ्याहून रिक्षाने स्कॅन सेंटरवर गेलो. तिथे उपाशी पोरीच्या हातात औषधी पाण्याची दीड लिटरची बाटली दिली. तासाभरात संपवायची, म्हणजे आतडं फुगतं आणि फोटोत नीट दिसतं म्हणे. मी घोट चाखून बघितला. नुसतं गोडमिट्ट. कुठेतरी पाणी मुरतंय, नक्की! अर्ध्या बाटलीतच लेकीला उमासे यायला लागले. माझं माहेर भुईगावचं, पोटाच्या कुठल्याही तक्रारीला आमच्याकडे शहाळं. वाडीतल्या शहाळ्यांचं पाणी मी पिशवीत घेऊनच निघाले होते. उरलेली बाटली बेसिनमध्ये ओतली आणि तिला ते पाजलं.

स्कॅन झाल्यावर आतले डॉक्टर बाहेर आले. "आतडं फुगलंच नाही. मिटलेल्या आतड्यात मी काय बघू? सगळं प्यायलीस ना?"

"हो," लेक म्हणाली. मला वाचवत होती कार्टी!

आता अंदाजाने औषध सुरू केलं तर? सांगून टाकलं सगळं. डॉक्टरांनी मला असं झापलं की विचारू नका. पोरीला पुन्हा त्या मशीनमध्ये जावं लागलं ते माझ्यामुळे.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः ग्लास धरून थेंब न् थेंब पाजला. या वेळी दिसलं. लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजून जाड झालेला, एके जागी तर पार अरुंद. क्रोन्स वाटतोय, दुर्बिणीने तुकडा काढून खात्री करू, असं आमचे डॉक्टर म्हणाले. "पण ताई, हे आठ महिन्यांचं नाही. बरंच जुनं आहे."

मी लेकीवर उखडलेच. "मला बोलली का नाहीस?"

"बोलले होते. दहावीत," ती म्हणाली. "तू म्हणालीस, अभ्यास नको म्हणून पोट दुखतंय."