सहा चमच्यांचा बाप

आमच्या जे. पी. नगरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अभिराज राहतो. मूळचा नागपूरचा, नोकरी कोरमंगलाला, आणि हल्ली पूर्णवेळ बाप. त्याने महिनाभराची रजा घेतली होती, कारण सोमवारपासून त्याची बायको अहल्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात परत रुजू होणार होती. सहा महिन्यांची शाल्मली मात्र आईच्या दुधाशिवाय कशालाच तोंड लावत नव्हती. सोमवारपर्यंत ती बापाच्या हातून खायला लागली नाही, तर अहल्याला रजा वाढवावी लागणार आणि तिचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणार, हे स्पष्ट होतं.

अभिराजने हे प्रकरण ऑफिसातल्यासारखं हाती घेतलं. मऊ रबराचे सहा चमचे आणले, प्रत्येकाचा रंग वेगळा. मुगाची खिचडी तो मऊ शिजवायचा, घोटायचा, चाळणीतून काढायचा, वजनकाट्यावर ठेवायचा, आणि किती ग्रॅम आत गेली, किती बाहेर आली ते खरंखरं लिहून ठेवायचा. आत शून्य. बाहेर सगळी, त्यातली थोडी त्याच्या चष्म्यावर. उरलेली टाकवत नाही म्हणून तो स्वतःच खायचा. पाच दिवसांत लेकीचं वजन होतं तिथेच राहिलं, बापाचं पोट तेवढं दिसायला लागलं.

मी खालच्या मजल्यावरची कमला. बेळगावकडची, तीन मुलं वाढवलेली. माझे हात नुसते शिवशिवत होते. पण अहल्याने मला जिन्यातच बजावलं होतं, "अक्का, तुम्ही मध्ये पडू नका. सोमवारी त्यालाच करायचंय." मी तोंडाला कुलूप लावलं. ते किती जड गेलं, माझ्या नवऱ्याला विचारा.

रविवारी दुपारी मी ताक द्यायला वर गेले. सहाही चमचे पुन्हा उकळत्या पाण्यात होते, शाल्मली बापाच्या मांडीवर कुरकुरत होती आणि तो तिने नुकतीच नाकारलेली खिचडी हातानेच खात होता. अहल्या आत रजेचा मेल लिहीत बसली होती. तेवढ्यात शाल्मलीने त्याचं बोट धरलं, तोंडात घातलं आणि चोखलं. अभिराज हललाच नाही. मग तिने पुन्हा तोंड उघडलं.

"स्वल्प अजून दे की रे," मी म्हणाले. एवढं तरी बोलायचा मला हक्क होता.

त्याने दिली. तिने खाल्ली. वाटी रिकामी झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, वजन करायचं राहिलं. अहल्या दारात येऊन उभी होती. तिला आनंद झाला होता आणि वाईटही वाटत होतं. मेल तिने पाठवला नाही.

सोमवारी एक वाजता तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. त्याने तो स्पीकरवर टाकला. किती खाल्लं, रडली का, झोपली का, सगळं विचारून झालं. मग ती हळूच म्हणाली,

"माझी आठवण काढली का रे तिने?"

शाल्मली पोटभर जेवून, हातपाय पसरून गाढ झोपली होती. सकाळपासून तिने दाराकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

"खूप," अभिराज म्हणाला.