कोळशाच्या गाडीची घोडी

जनावरांच्या दवाखान्यात नोंदणीला बसणाऱ्या बाईंना सगळे गाडीवान रेघाबाई म्हणत. गाडीचा घोडा तपासायला आला की ओळख पटवायच्या कागदावर त्याचं चित्र काढायचं, कपाळावरचा पांढरा ठिपका, जुनी जखम, सगळं त्यात दाखवायचं, हे त्यांचं काम. घोडा काही फोटोला बसल्यासारखा उभा राहत नाही. त्यामुळे दहा-बारा रेघांत मोकळं व्हायचं, ही बाईंची हातोटी. "बाई, आमच्या ह्याचं पोट जरा आत घ्या की," असं कुणी म्हणालं तर त्या मान वर न करता म्हणत, "आधी तुमचं घ्या."

मग घोड्यांत साथ आली. माणसालाही लागणारा रोग. ज्याच्या रक्तात सापडेल तो घोडा मारायचा, असा हुकूम निघाला. मारण्याआधी चित्र हवंच.

त्या दिवशी सकाळपासून रांग होती. चित्र झालं की घोडा मागच्या अंगणात जाई, दार लागे, पुढचा येई. पहिल्या दोघांच्या वेळी बाई दार लागेपर्यंत मागे वळून बघत राहिल्या. नंतर मान वर होईना. पेन्सिलीला टोक काढायचं, रेघ ओढायची. दुपारी डबा रिकामा दिसला तेव्हा आपण जेवलो हे त्यांना कळलं.

कोळसेवाले म्हातारे आपली घोडी आत सोडून पुन्हा टेबलापाशी आले. लगाम हातातच होता.

"तो कागद मिळेल का?"

"सरकारी आहे, काका. नाही देता येत."

"बरं," म्हणाले, पण हलेनात.

बाईंनी कोरा कागद ओढला. "माल उतरवताना कशी उभी राहायची?"

"मागचा एक पाय सैल सोडून. मान माझ्याकडे." चित्र होईपर्यंत ते वाकून बघत राहिले. "कान थोडे मागे घ्या. कंटाळायची ती."

बाईंनी कान खोडून पुन्हा काढले.

"हां. हीच."

कागद खिशात घालून ते गेले. आतून डॉक्टरांनी हाक मारली, "पुढचा!"

घरी बहिणीने विचारलं, "रडलीस का गं?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"नाही आलं."

बहिणीने त्यांच्या शिशाने काळ्या झालेल्या बोटांवर पाणी घातलं.

साथ ओसरली तेव्हा घोडे फारसे उरले नव्हते. बाईंना कुत्र्यांच्या लशीच्या खिडकीवर बसवलं. तिथे चित्र लागत नाही, नाव आणि वय लिहिलं की झालं. कसं चाललंय विचारलं तर म्हणतात, "बरं आहे."