तीन दिवस रडतं

सन दोन हजार तेवीस. मला शहात्तरावं सरत आलं होतं. मोतीबिंदू काढायला म्हणून मी सोलापूरला थोरल्या लेकीकडे येऊन राहिलो होतो आणि महिनाभरातच जीव नकोसा झाला होता. घर दोन खोल्यांचं. एका खोलीत जावई झोपलेला, कारण त्याची यंत्रमागावर रात्रपाळी. दुसऱ्या खोलीत लेक मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेली. माझ्या डोळ्यावर काळा चष्मा. आम्ही सांगोल्याकडचे मेंढपाळ. उभा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला, आणि आता खुर्चीत बसा म्हणतात. मी दारातून गल्लीच्या तोंडाशी, तिथून परत दारात, अशा फेऱ्या मारायचो. शेजारची एक तेलुगू म्हातारी म्हणायची, "आजोबा, पायाला मीटर लावा."

नात कॉलेजात समाजकार्य शिकते. तिच्या कॉलेजनं शहराच्या पूर्वभागातल्या एका हॉलमध्ये बिडीवाल्या बायकांसाठी पिक्चर ठेवला होता. लहान पोरांना घरातून उचलून लांब कुठं नेऊन टाकतात, त्यावरचा. मला बोलावणं नव्हतंच, पण दोन तास तरी घराबाहेर जायला मिळतंय म्हणून मी पटका बांधून सगळ्यांच्या आधी तयार. लेक म्हणाली, "आबा, तुमी घरीच थांबा की. डोळ्याला तरास हुईल." मी म्हणालो, डोळा माझा, तरास माझा. तिला मी यायला नको होतो हे मला तेव्हा कळलं नाही.

दुपारची वेळ. प्लास्टिकच्या खुर्च्या, पांढरा पडदा, वर पंख्यांची घरघर. दीडदोनशे बाया असतील, थोडे बाप्ये. पिक्चर परदेशातला. कुठल्यातरी थंड मुलखातली डोंगरातली गरीब पोरं. सरकारची माणसं येतात, आईबापाला म्हणतात आम्ही शिकवतो, आणि पोरांना आगगाडीत घालून लांबच्या मुलखात नेतात. एकेकाच्या गळ्यात दोरीनं पुठ्ठा बांधलेला, त्याच्यावर नंबर. माणसं बोलत होती त्यांच्या भाषेत आणि खाली मराठी अक्षरं येत होती. माझी शाळा दुसरीपर्यंत. पहिला शब्द जुळेस्तोवर ओळ गायब. मी नातीला म्हणालो, मोठ्यानं वाच. ती कानात कुजबुजायला लागली. पुढच्या बाईनं मान वळवली, मला वाटलं आता गप बसा म्हणते. ती म्हणाली, "जरा मोठ्यानं वाच ना गं, आमालाबी." तिलाही अक्षरं गाठता येत नव्हती. मग नातीनं सरळ उभं राहूनच वाचायला सुरुवात केली. आमच्या मागच्या ओळीतली एक बाई ते ऐकून तिच्या मागच्यांना तेलुगूत सांगायची. त्या त्यांच्याही मागच्यांना. त्यामुळं काय व्हायचं, पडद्यावर काही वाईट घडलं की आधी आमची ओळ चुकचुकायची, मग मागची, मग त्याच्या मागची. तोवर पडद्यावर दुसरंच सुरू झालेलं असायचं. एकदा पोरं बर्फात खेळत होती, हसत होती, आणि मागं बाया डोळे पुसत होत्या.

मला बसवत नव्हतं. मी दोनदा उठलो, दोनदा लेकीनं सदऱ्याला धरून बसवलं.

मग ती जेवणाची जागा आली. लांबच्या लांब टेबल, दोन्ही बाजूंना पोरं, खाली माना घालून जेवतायत. आधीच्या भागात हीच पोरं ओरडून ओरडून रडत होती. आता कुणी चकार शब्द काढत नव्हतं. कुणीतरी बाप्या म्हणाला, "शिस्त बघा." मला त्यातलं कळतं असं मला वाटलं. मी मोठ्यानंच म्हणालो, "रमली की आता. तीन दिवस रडत्यात, मग गप हुत्यात."

हे मी मेंढरांवरून म्हणालो. आमच्यात एखादं कोकरू अशक्त असलं, लांबच्या चालीला टिकणार नाही असं दिसलं, तर ते गावात कुणाच्या तरी घरी शेळीच्या दुधावर ठेवून जातात. त्याची एक पद्धत आहे. कोकराची आई आधी नजरेआड करायची, वाऱ्याच्या खालच्या अंगाला न्यायची, म्हणजे ना आवाज पोचत ना वास. कोकरू तीन दिवस ओरडतं. चौथ्या दिवशी गप होतं. गप झालं की आपण म्हणतो, रमलं. मी अशी किती कोकरं ठेवली असतील, त्याला हिशेब नाही. सगळी रमली.

मी तसं बोललो तेव्हा लेक माझ्याकडं बघत नव्हती. नातीची मात्र एक ओळ वाचायची राहिली.

लेकीचं सांगतो. ती आठ वर्षांची असताना पावसानं पाठ फिरवली होती. दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचो. त्या साली वाटेत चारा नाही, पाणी नाही, बायको पोटुशी, कडेवर एक पोरगा. माझी बहीण सोलापुरात बिड्या वळायची, तिला दोन बारकी पोरं. तिला घरात हाताशी कुणीतरी पाहिजे होतं. मी थोरलीला तिच्याकडं आणून ठेवलं. पाऊस पडला की नेतो, असं ठरलं होतं. नेली नाही. ती तिथंच पोरं सांभाळून मोठी झाली, बिडीची पानं कातरायला शिकली, बिड्या वळायला शिकली, तिथनंच तिचं लग्न झालं. धाकट्या दोघा पोरांना मी पुढं शाळेत घातलं. ही राहिली.

आणि चाळीस वर्षं मी एक गोष्ट सांगत आलो. तिच्या लग्नात सांगितली, सोयऱ्यांत सांगितली, गेल्या महिन्यात डोळ्याच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्यालाही सांगितली. गोष्ट अशी की माझी लेक लई धीराची. आठ वर्षांची पोर, पण तिनंच मला सांगितलं, आबा, मी हितं राहते, तुमी जावा मेंढरांकडं. ऐकणारा म्हणायचा, काय पोर म्हणायची. माझी छाती फुगायची. मी गोष्ट सांगायला लागलो की लेक उठून आत जायची. मला वाटायचं, स्वतःचं कौतुक ऐकायला लाजते.

पिक्चर संपला. दिवे लागले. कॉलेजच्या मॅडमनी माईक घेतला आणि कुणाला काय वाटलं ते सांगा म्हणाल्या. पुढच्या ओळीतले एक रिटायर मास्तर उठले. ते म्हणाले, ही बाहेरच्या देशांची रीत, आपल्याकडं असलं होत नाही, आपले आईबाप अर्धपोटी राहतील पण लेकरू लांब करणार नाहीत. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्यानं मी वाजवल्या.

मागनं एक बाई उठली. तिचं मराठी तेलुगू वळणाचं. ती म्हणाली, "मग सर, आमी हितं सोलापुरात कशाला आलो? पिक्चर बघायला?" बाया हसल्या. मास्तर खाली बसले. ती बाई सांगायला लागली की तिला सातव्या वर्षी मावशीकडं आणून सोडलं होतं, आणि तिची आई तिला परत दिसली ती एकदम तिच्या हळदीला. ती हे हसत हसत सांगत होती, म्हणून लोकांना हसावं का काय ते कळेना.

मॅडमनी माईक तोंडाशी धरला. मग त्यांनी विचारलं, लहानपणी घरापासून लांब, दुसऱ्याच्या घरी कुणाकुणाला ठेवलं होतं, हात वर करा. नातीनं ते मराठीतच होतं तरी सवयीनं पुन्हा सांगितलं. मागच्या बाईनं तेलुगूत. एक हात वर गेला, मग तीन, मग इकडं तिकडं लई हात. मी मान वळवून मोजल्यासारखं बघत होतो, आणि माझ्या अगदी शेजारी एक हात वर गेला. हिरव्या बांगड्यांचा. लेकीचा.

मी तो हात धरला आणि खाली ओढला.

विचार करून नाही. जनावर दुसऱ्याच्या रानात शिरलं की हात आपोआप जातो, तसा गेला. बांगडी फुटली एक. आजूबाजूच्या सगळ्यांनी बघितलं. मॅडम माईक घेऊन आमच्याकडं यायला लागल्या. लेक हळू म्हणाली, "हात सोडा, आबा." मी सोडला नाही. मी मॅडमला ऐकू जाईल असं म्हणालो, हिला कुणी ठेवलं नव्हतं, ही आपल्या मनानं राहिली, हीच म्हणाली होती आबा तुमी जावा.

लेक माझ्याकडं वळली. पन्नाशीला आलेली बाई, केसांत पांढरं आलेलं. आवाज चढवला नाही तिनं.

"मी असं कवा म्हनले, आबा? मी कायबी म्हनले न्हवते. रडतबी न्हवते. आत्या म्हनली हुती, रडलीस तर तुजा बाप परत येनार न्हाई. म्हनून गप हुते."

एवढंच. माईक अजून पोचलाही नव्हता. पण दोन तास आमच्या ओळीतलं मागं न्यायची त्या बाईला सवय झालेली. तिनं तेलुगूत ते तसंच मागं सांगितलं. मला त्या भाषेतलं एक अक्षर कळत नाही. पण माझ्या घरचं बोलणं माझ्या पाठीमागून ओळीओळीनं लांब जातंय हे मला ऐकू येत होतं, आणि प्रत्येक ओळीची चुकचुक वेगळी ऐकू येत होती. पार शेवटच्या भिंतीपर्यंत गेलं ते. मी हात सोडला, उठलो आणि बाहेर निघून आलो.

घराचा रस्ता दोनदा चुकलो. कुणाला विचारलं नाही. गल्लीत आलो तर जावई दारात चहा पीत बसलेला, त्याला म्हणालो, उद्या सकाळच्या गाडीनं मी गावाकडं जाणार. पिशवी भरून ठेवली. दोघी मायलेकी आल्या तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून बसलो होतो. माझ्या मनात एकच, चारचौघांत माझी शोभा केली. आम्ही काय हौसेनं ठेवली होती का, जगली तर ती त्याच्यामुळंच जगली, असली सगळी उत्तरं मी जुळवत होतो. पण ती द्यायला कुणी विचारत नव्हतं. लेकीनं चूल पेटवावी तसा गॅस पेटवला आणि भाकरी थापायला बसली.

मीच म्हणालो, "पुढच्या साली मी आलो तवा तू चांगली हुतीस. मला पानी आनून दिलंस. पायाला बिलगली न्हाईस का काय न्हाईस."

ती भाकरी थापत थापतच म्हणाली, "व्हय. तुमी येनार कळलं हुतं, आदल्या राती पिशवी भरून ठिवली हुती मी. एक परकर, एक फनी. वरीसभर रडले न्हाई, आता नेत्याल म्हनून. तुमी च्या पिऊन गेलासा."

नात तिथंच उंबऱ्यावर बसली होती. ती शहरात वाढलेली, तिचं बोलणं सरळ. ती म्हणाली, "जायचं तर जा, आजोबा. तुम्हाला कुणी धरून ठेवत नाही. पण ती गोष्ट आता परत कुठं सांगू नका. आईला सोसत नाही. तिनं मला केव्हाच सांगितलं असतं, पण तुमचं नाव जाईल म्हणून आजवर बोलली नाही."

माझं नाव. मी भाकरी खाल्ली नाही. लेकीनं आग्रह केला नाही.

सकाळी जावयानं मला स्टँडवर सोडायला गाडी काढली. मी म्हणालो, राहू दे. लेक वळलेल्या बिड्या टोपलीत भरून कारखान्यात द्यायला निघाली होती. मी तिच्या मागं निघालो. "कुटं?" ती म्हणाली. मी म्हणालो, येतो संगं. ती चालायला लागली, पण चाल जरा कमी केली तिनं.

कारखान्याच्या पत्र्याच्या शेडखाली बाया ओळीनं बसल्या होत्या. निम्म्या कालच्याच. मला ओळखलं त्यांनी. एक म्हणाली, "आज काय, आजोबा, परत हात धरायला आला व्हय?" तिच्या शेजारची तोंडाला पदर लावून हसली. मी चष्मा काढला. मला बोलायची सवय नाही असं नाही, चाळीस वर्षं तेच तर करत होतो. पण हे कधी सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, "काल मी खोटं बोललो. ही राहते म्हनाली न्हवती. बहिणीनं हिला दूध-भाकर खायला बसवलं, दाराकडं पाठ करून. मी माज्या चपला हातात घेतल्या आनि भायेर पडलो. वाजू नयेत म्हनून. कोपऱ्यापतोर अनवानी गेलो."

हसणारीनं तोंडावरचा पदर काढला. लेक ओळीत टोपली घेऊन बसली होती, खाली बघत.

मघाचीच बाई म्हणाली, "आनि पुढच्या साली आलासा तवा? तवा का न्हाई नेली?"

मी म्हणालो, मेंढरं वाटेत थांबवून आलो होतो, परतायची घाई होती. सांगितलं आणि माझं मलाच ऐकू आलं ते. मेंढरांजवळ माझा भाऊ होता, दोन कुत्री होती.

"न्हाय," मी म्हणालो. "मेंढरांजवळ मानूस हुता. मला नेता आली असती. हितं ती कामाला लागली हुती आनि तिकडं एक ताट कमी झालं हुतं. ते बरं वाटलं मला. म्हनून न्हेली न्हाय."

कुणी चुकचुकलं नाही. ओळ पुढं सरकली. लेकीचा नंबर यायला अजून वेळ होता. मी तिथंच त्या बायांच्या शेजारी उभा राहिलो आणि जिनं जे विचारलं त्याचं उत्तर दिलं.